किल्ली

लोक सांगतात, लग्नात पेटलं.
मेंढीचं डोकं साबिरच्या ताटात
वाढलं नाही म्हणून.

खोटं नाही ते.
पण त्याआधी सात उन्हाळे
कालव्याच्या फळीला एकच कुलूप,
किल्ली वरच्या आळीतल्या तोक्तोसुनच्या कमरेला.
खाली पाणी सुटायचं रात्री दोनला:
गुडघाभर, पुढं घोटाभर,
मग नुसताच ओला आवाज.
अनारकानची जर्दाळूची झाडं
फुलायची खूप, धरायची मूठभर.

बोललं कुणीच नाही.
सोयरीक होती. कबरस्तान एकच.
पुन्हा पुन्हा चहा ओतत राहिले.

आता काचा फुटल्यात,
बिश्केकहून साहेब आलाय.
वहीत लिहितो: कारण, मानपान.

अनारकान त्याच्यापुढं
या साली धरलेला एक जर्दाळू ठेवते.
"खा."

तो चावतो.
दाताखाली थेट बी.