माया

ऑर्डरच्या वहीत नवीन गिऱ्हाईक लिहिलं.
नाव: घर.
पत्ता: गोराई, धक्क्यापासून बारा मिनिटं,
हिल्डाबाईच्या विहिरीमागे.
लांबी बत्तीस फूट, रुंदी एकवीस.
गळा पुढून. पाठ ताडांकडे, उघडी.
ॲडव्हान्स मीच दिला.
तारीख: गणपतीच्या आधी.

चौतीस वर्षं बाभईच्या नाक्यावर ब्लाउज शिवते.
एकीचं माप दुसरीला बसत नाही
हे मला कुणी सांगायला नको.
बिल्डरचे तयार फ्लॅट बघून आले होते तीन-चार,
खांद्यात बसले तर बगलेत काचणारे.
ह्यांना म्हटलं, भावानं दिलेला तुकडा आहे ना,
बेतून बघू.

दुकान मंगळवारी बंद. बोटीनं पलीकडे.
पिशवीत वही, खडू, गळ्यात टेप,
सवयीनं राहून गेलेला.

मंगळवार. जोत्यापर्यंत.
मंगळवार. जोत्यापर्यंतच.
मंगळवार. उत्तनच्या रस्त्यानं रेती आली,
अर्धा ब्रास कमी. पागधरे कंत्राटदार म्हणतो,
ताई, रेती बसते.
मंगळवार. कुणी नाही. भिंतींना पाणी मीच मारलं,
एकोणीस बादल्या. हिल्डाबाईनं चहा दिला
आणि विचारलं, किती झालं?
काय सांगणार? गुडघ्याएवढं झालं.

मंगळवार. खिडकी चार बोटं डावीकडे सरकलेली.
रियाझुल मिस्त्री हसला,
दीदी, कापडाचा टेप आहे, ताणतो.
स्वतःचा लोखंडी काढला खिशातून.
त्यातही चार बोटंच निघाली.
उसव, म्हटलं.
त्याला शब्द कळला नाही, हात कळला.
विटा एकेक करून काढत गेला संध्याकाळपर्यंत,
न बोलता,
आणि मला माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरी आठवल्या,
बाही उलटी लागली म्हणून
मान खाली घालून उसवत बसलेल्या.
त्यातली एक, शेवंता, पुन्हा आलीच नाही.

चारुशीला पुण्याहून फोटो मागते.
पाठवते.
आई, मागच्या आठवड्यातलाच पाठवलास.
नाही गं. नीट बघ,
दाराच्या वर आता सावली पडते.

गणपती आले, गेले.
पागधरे म्हणाला, झालंच समजा, ताई,
फक्त फिनिशिंग राहिलंय.
मी त्याच्याकडे बघत राहिले.
हे वाक्य माझं होतं.
फक्त काज-बटण राहिलंय,
असं मी किती जणींना सांगितलंय
कापडाला कात्रीही लागलेली नसताना,
उद्या हळद असलेल्या मुलींनासुद्धा.
भांडायचं ठरवून गेले होते.
त्याच्याच डब्यातली केळ्याची भजी खाऊन आले.

आता अस्तर लागतंय, म्हणजे गिलावा.
गच्चीवर चारी खांबांच्या सळया
दोन-दोन हात वर आलेल्या, तशाच.
पागधरे विचारतो, कापू का?
गंजतील. दिसतंय पण वाईट.
ह्यांचंही तेच, आपण दोघं,
अजून मजला कुणासाठी?

शिवणीच्या आत दीड बोट कापड
मी कुणालाच कापू देत नाही.
बाईचं अंग भरतं, बाळंतपण होतं,
कधी आईचा ब्लाउज लेक घेऊन येते,
मावशी, थोडा सोडवून द्या.
त्या दीड बोटाला आम्ही माया म्हणतो.
बाहेरून दिसत नाही. इथे दिसेल,
दिसू दे.
पागधरेला एवढंच सांगितलं, राहू द्या.
रियाझुलनं टोकांवर रिकाम्या बाटल्या उपड्या घातल्या.
खाडीचा वारा सुटला की वाजतात.

आज बुधवार. वहीत
घराची तारीख तिसऱ्यांदा खोडली,
पुढची शिसपेन्सिलीनं घातली.
दारात एक बाई उभी, पावती हातात.
झाला का हो माझा?
झालाच, म्हटलं,
काज-बटण तेवढं राहिलंय.
उद्या या.