झाकली मूठ

उद्या सकाळी साडेनऊची वेळ मिळालीय, उमेओत,
अनेलीच्या डायनोवर.
फोनवर ती एवढंच म्हणाली,
"गळकी गाडी आणू नकोस.
गळती शोधायचे मी तासावर पैसे घेते, शिव्या फुकट देते."
मी म्हटलं, सगळं तपासून झालंय.
झालं नव्हतं.

रात्रीचे अकरा. जून आहे, म्हणून उजेड अजून अंगणात,
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा.
गोठ्याच्या अर्ध्या भागात माझी व्होल्वो,
अठ्ठ्याऐंशी सालची, मागून लांबडी, चौकोनी,
जिच्यातून कधीकाळी कुणी कुत्री आणि बटाट्याची पोती नेली.
आता तिच्या बॉनेटखाली
ट्रकमधून काढलेला टर्बो आहे.

कामं सांगायला लाज वाटावी इतकी बारीक.
प्लगची फट सहा दशांश मिलिमीटर, चारही;
तिसरा पुन्हा मोजला, कारण त्याच्यावर माझा विश्वास नाही.
तेल नवं. टाकी इथेनॉलने काठोकाठ;
पंपावरच्या पोराने विचारलं, "एवढं? कुठे पळून चाललीस?"
एक्झॉस्टच्या नळीतला सेन्सर आवळला.
पट्टे अडकवायचे मागचे हुक, गंज खरवडून.
आणि टायरच्या खाचांतले खडे,
बटाटे सोलायच्या सुरीने, एकेक.
रोलर फिरायला लागला की खडा गोळीसारखा सुटतो.
अनेलीच्या भिंतीला एक भोक आहे,
त्याभोवती तिने खडूने गोल काढून
गाडीवाल्याचं नाव लिहून ठेवलंय.

तीन वर्षं ही गाडी चारशे घोड्यांची आहे.
म्हणजे तोंडी.
सॉना तापवताना चारशे,
मावसबहिणीच्या लग्नात, दोन पेगांनंतर, साडेचारशे.
लुडविग म्हणतो तीनशे,
पण तो माझा आधीचा नवरा, त्याचं गणितच निराळं.
मोजलं नव्हतं तोवर सगळेच आकडे खरे होते.
सव्वा लाखाची मूठ,
उद्या दोन लोखंडी रोलरांवर
बोट बोट करून उघडायची.

साडेअकराला तूरे आला, गोठ्याचा मालक,
चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवलेला,
एका कानाने ठार बहिरा, दुसऱ्या कानाचा गर्व असलेला.
मी टर्बोच्या तोंडाला बूच मारलं,
कॉम्प्रेसरने हवा भरली, काटा एकवर नेला.
काटा खाली सरकू लागला,
सावकाश,
कार्यक्रम संपायच्या आधी मागच्या दाराने निघावं तसा.
साबणाचं पाणी मारलं. हात पोचला तिथवर
एकही बुडबुडा नाही.
तूरेने बागेतल्या पाइपाचा तुकडा चांगल्या कानाला लावला,
दुसरं टोक नळ्यांवरून फिरवत गेला,
गाभण गाईच्या पोटाशी थांबावं तसा थांबत थांबत.
इंटरकूलरच्या खालच्या वळणाशी म्हणाला,
"इथे कुणीतरी कुजबुजतंय."

ती क्लिप मीच लावली होती.
लुडविगशी भांडता भांडता, गाडीखालून ओरडत,
घट्ट आहे, मला कळतं, तू बोलू नकोस.
अर्धा वेढा कमी होता.
म्हणजे मी चारशे म्हणायचे तेव्हाही
त्यातले काही घोडे
या फटीतून रानात जात होते.

मी बोलले नाही. तूरेही बोलला नाही, नुसता पाना पुढे केला.
अर्धा वेढा.
काटा एकवर. आम्ही दोघं त्याच्यापुढे उभे,
दूध उतू जाईल म्हणून उभं राहावं तसे,
दहा मिनिटं. तो हलला नाही.

"किती निघतील?" मी विचारलं.
"साडेसहाला निघ," तो म्हणाला. "वाटेत मूस आडवे येतात."
त्याला ऐकू आलं नव्हतं, की आलं होतं,
कुठल्या कानाशी बोलले ते आठवत नाही.

तो गेल्यावर खडे कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकले, मोजून.
एकतीस.
माझ्याकडे आज
मोजलेला आकडा तेवढाच आहे.