रविवारचा आकडा

गुरुवारी सहाला, पॉलिक्लिनिकच्या वरच्या मजल्यावर
मी आठ खुर्च्या मांडते. येतात पाचजण.
खिडकीतून रिओनी नदी ऐकू येते,
चोवीस तास वाहते आणि एकदाही धापत नाही.
तिचा मला जरा रागच आहे.

“दाखवा,” मी म्हणते, “पंप कसा घेता ते.”
एतेरी न हलवताच दाबते,
अर्धं औषध गालात, अर्धं आढ्याला.
वाझा मास्तर म्हणतात, तपकिरी ना?
बरं वाटायला लागलं, मग सोडला.
निळा मात्र प्रत्येकाच्या खिशात, अंगच्या उबेचा,
हाक मारली की धावून येणारा.
तपकिरीला कोण विचारतो?
तो रोज येतो, मुकाट्यानं आतलं झाडतो,
रात्र काही न घडता गेली
तर श्रेय झोपेला मिळतं.

नुगझार भट्टीवरून थेट आलाय. भुवयांत पीठ.
तीस वर्षं मातीच्या तोनेत कमरेपर्यंत वाकून
तो तिच्या तापल्या भिंतीला पाव थापतोय.
त्याला सांगते: आधी असेल नसेल ती हवा सोडा.
ओठ घट्ट. आता दाबा, आणि ओढा,
दमानं, घाई नको.
कणीक झाकून ठेवता ना, तसा आत ठेवा. दहा मोजा.
तो सहालाच सुटतो.
“कुताइसीचे आकडे लांब आहेत, बाई.”
सगळे हसतात, आणि मग सगळे खोकतात.
(तपकिरीनंतर चूळ भरा. हे मी दारापर्यंत जाऊन सांगते.)

फुंकायची नळी दिली होती त्याला.
उभं राहून, तीनदा, मोठ्यात मोठा आकडा लिहायचा.
त्यानं लिहिले,
पिठाच्या बिलांच्या पाठीवर:
२९०. ३००. २८०. २७०.
रविवारी ३६०.
पुन्हा २८०, २७०, २९०.
तोनेला तडा गेला ते सहा दिवस:
३५०, ३७०, ३९०, आणि शेवटी ४१०, खाली दोन रेघा.

बिलं टेबलावर ठेवून तो खिडकीकडे बघत बसला.
मी वाक्य घरून तयार करून आणलं होतं.
लागलं नाही. हिशेब त्याला येतो.
“म्हणजे जी भाकर पोसते,” तो म्हणाला, “तीच—”
पुढचं खोकल्यात गेलं.

मग मी बोलत राहिले. छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी.
तोंडाला फडकं बांधून भागत नाही.
पोती दुसऱ्यानं ओतावीत, झाडू कोरडा मारू नये.
काम बदलणं हा शब्द
मी दोनदा तोंडाशी आणला, एकदा बोलले.
त्यानं टोपी घातली.

पुढच्या गुरुवारी त्याची खुर्ची रिकामी.
त्याच्या पुढच्याही.

आज जिन्यात त्याचा पुतण्या उभा होता,
हाताला कोपरापर्यंत पीठ,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला गरम पाव पुढे करून.
कागदाच्या कडेला, पेन्सिलीनं:
बुधवार. ३३०. पोतं मी ओतलं नाही.

पाव मी पाचांत वाटला.
कडेची पट्टी फाडून त्याच्या फायलीत लावली,
आणि पुतण्याला विचारलं, तू खोकतोस का?