बोंड

जेलरोडच्या हॉलमध्ये टीव्हीला मोबाइल जोडून
दुसानेकाकांना आम्ही जर्मनी दाखवतोय.
हे रोथेनबुर्ग. ही तटबंदी. ही पुन्हा तटबंदी,
कारण अण्णांनी ती गुडघा धरून पुरी केली.
"आपली तांबट आळीच की," काकू म्हणतात,
"फक्त धुतलेली."

तेहेतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या अण्णांनी.
तिथल्या बेकरीत पाच युरो परत मिळाले
तर नोट उन्हात धरून, अंगठा फिरवत
इतका वेळ उभे राहिले
की मागची रांग, एक शब्द न बोलता,
त्यांना वळसा घालून पुढं गेली.
त्याचा फोटो नाही. मी काढायला हवा होता.

मग जंगल. काळं म्हणतात त्याला.
आईचा एकच फोटो, पाठमोरा.
"हे कुठलं झाड?" तिनं निनादला विचारलेलं.
"आणि ते, वाकलेलं?"
बारा वर्षं तिथं राहतो तो.
"झाडं आहेत गं," म्हणाला.
बसपर्यंत मग ती गप्पच.

येताना बॅगेत चॉकलेटं, फ्रिजवरची चुंबकं,
आणि तिच्या मोज्यात गुंडाळलेलं एक बोंड,
लाकडी, खवल्याखवल्यांचं,
कुणाला न सांगता आणलेलं.

आता ते ओट्यावर, मिठाच्या बरणीला टेकून.
कुकरच्या वाफांनी अंग मिटून घेतं,
दुपारी पुन्हा उघडतं.
"हे काय गं?" काकू विचारतात.
आई पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरते.
"निनादकडचं," म्हणते.
"रुळेल."