पंचनाम्यातलं वजन

मोंढ्यात मी तोलारी होतो.
ज्या वजनानं आडत्याचा खांदा फोडला
ते पंचनाम्यात आहे : लोखंडी, एक नग, पाच किलो, शिक्का असलेलं.
पंचांनी काट्यावर ठेवलं, बरोबर भरलं.
अख्ख्या दुकानात तेवढं एकच खरं होतं
आणि तेच माझ्या हाताला लागलं.

मांजरेकाठचा जेल निजामाच्या वेळचा.
घंटेवर उर्दू अक्षरं, ती फक्त सालेह चाऊसला वाचता येतात.
वीस वर्षांचा पक्का कैदी, टोल देणं त्याचं काम.
काय लिहिलंय विचारलं तर म्हणायचा,
"तेरी सजा थोडी लिखी हय, सो जा."

साहेबांनी कागद चाळला. "तोलता येतं?"
आणि मला भटारखान्यात घातलं.

पहिल्या सकाळी वजन उचललं, तळहाताला कळलं.
बुडाला भोक, भोकात लाख, लाखेवर काळा रंग.
पाचाचं चार दोनशे.
हवालदार गुट्टे दारात विडी विझवत होता.
"कळलं नव्हं? मंग लिही."

लिहिलं.
तूरडाळ चाळीस किलो, समक्ष मोजून घेतली.
खाली सही. अक्षर माझं पहिल्यापासून वळणदार.

उरलेली सहा किलो कुठं जाते ते कुणी सांगितलं नाही,
पण डाळीला पाय फुटले की वाट दिसतेच :
ठेकेदार नंदापुरेची पांढरी गाडी,
गुट्टेच्या पोरीची नर्सिंगची फी,
साहेबांच्या बंगल्यामागं नवा बोअर,
साडेपाचशे फूट, नुसता फुफाटा.
तीन नंबर बरॅकीत वॉचमन डुबे जागा विकायचा,
पंख्याखाली पाचशे, संडासाजवळ फुकट.
त्याला मी चोर म्हणायचो. मोठ्यानं.

मला पैसा मिळाला नाही.
मला दिवस मिळाले.
महिन्याला चार, जास्तीची माफी, वर्तणूक चांगली म्हणून.
रात्री बसून भाव काढला :
एका दिवसाला अठ्ठेचाळीस किलो डाळ.
असा दर मोंढ्यात कुणी पाहिला नाही.

मग जज्जबाई आल्या तपासणीला.
त्या दिवशी डाळीत मोहरी होती, डाळीत डाळ होती.
बाईंनी चमचाभर चाखली.
"घरच्यासारखी आहे. कुणाची काही तक्रार?"
चारशे माणसं, आणि आवाज पंख्याचा.
वजन माझ्या शेजारी ओट्यावर.
नुसतं उलटं करायचं होतं.
एका हाताचं काम.

मी त्याच्यावर फडकं टाकलं.

तेवढ्यात चाऊसनं घंटा वाजवली.
पावणेबाराला बारा टोल, मग तेरावा, मग चौदावा,
मग मोजायचं राहूनच गेलं,
पत्र्यावरची कबुतरं उठली, ती खाली बसेचनात.
बाईंनी घड्याळ बघितलं. "घंटा पुढं आहे वाटतं."
साहेब हसले. "जुनी आहे, मॅडम."

चाऊसची वर्षाची माफी कापली.
टोल द्यायचं काम डुबेकडं गेलं.
कापलेले दिवस कुठल्या पारड्यात पडले
ते मी विचारलं नाही, माझे एकशे बारा झाले होते.

सुटल्यावर एकदा मुलाकातीला गेलो.
फाटकावर गुट्टेनं पिशवी हातावर तोलली,
दोन केळी आणि बिस्किटाचा एक पुडा काढून घेतला,
"कसं काय, तोलारी" म्हणाला, घरच्या माणसागत.
जाळीपलीकडं चाऊस निम्मा उरलेला.
किती भरेल ते डोळ्यांनीच सांगितलं मला,
हात लावायचीही गरज नव्हती.
तो म्हणाला, "घंटे पे क्या लिखा हय, बोलूं?"
मी म्हणालो, नको.

मग तो जाळीतल्या मुंगीकडं बघत राहिला, मीही.
मुलाकात वीस मिनिटांची असते.
आम्ही चौदाव्या मिनिटाला उठलो.
गुट्टेनं वहीत वीस लिहिलं
आणि सहीसाठी वही माझ्याकडं सरकवली.