मण्याचं माप

विरळणीला आमची अकरा बायकांची टोळी,
मणेराजुरीच्या माळावरच्या बागा.
घडाला हात लावला की बोटांना कळतं
कुठला मणी ठेवायचा, कुठला कात्रीनं उडवायचा.
माल तयार झाला की मालक पट्टी काढतो,
प्लास्टिकची, भोकाभोकांची.
सोळातनं पडला तर गावातच विक,
अठराला अडला तर जहाजावर.

प्रांजलच्या दहावीच्या फॉर्मला फोटो पाहिजे होता.
तासगावच्या स्टुडिओतला पोरगा म्हणाला,
हनुवटी जरा खाली.
मग कॅमेऱ्यामागनं मान काढून,
मावशी, गळ्याला काय झालंय का हिच्या?
बारा वर्षं मी तिची वेणी घातली.
पाठीमागनं.

मिरजेत डॉक्टरीणबाईंनी तिला पाणी दिलं,
घोट घे म्हणाल्या.
घोटाबरोबर ते वर गेलं, खाली आलं,
शहाण्यासारखं जागेवर बसलं.
मग गार जेल, करडा पडदा,
बाईंनी ठिपक्याला ठिपका जोडला:
चौदा एमएम.
मला एकदम बागेतलंच वाटलं.
म्हटलं, बारीक आहे की मग.
त्या हसल्या नाहीत.

पोरांना अशा गाठी फार होत नाहीत, म्हणाल्या,
म्हणूनच झाली की सोडून द्यायची नसते.
मी विचारलं, फवारणीनं असंल का?
ही पोटात होती तेव्हा मी बागेतच होते.
त्या थांबल्या. असं एका गोष्टीवर
बोट नाही ठेवता येत, बाई.
जाऊबाईंनी ठेवलं. मिठावर.
आमच्यात तर पुडीचंच मीठ.

सुईच्या वेळी प्रांजल म्हणाली, तू बाहेर थांब.
बाकावर मी तिची ओढणी
घडी घालत, उलगडत.

रिपोर्टला नऊ दिवस.
नऊ दिवस तिनं बीजगणित केलं,
मैत्रिणीला फोनवर सांगितलं, टॉन्सिल्स असतील गं.
एका रात्री मी हळूच बोटं टेकवली गळ्यावर.
ह्या बोटांना सगळं कळतं म्हणत होते ना मी.
ती झोपेतच पुटपुटली,
आई, खरबरीत आहेत तुझे हात.

आत वाईट काही दिसत नाही, असं आलं.
मी म्हटलं, नाही म्हणा की, दिसत नाही कशाला?
बाई म्हणाल्या, सहा महिन्यांनी परत मोजू.
सहा महिने म्हणजे खरड छाटणी.
तोवर बागा मोकळ्या.

आता डिपिंग चाललंय.
बादलीत औषधाचं पाणी, एकेक घड बुडवायचा,
हलवायचा, सोडायचा.
बावीस वर्षं हेच बोलत आलेय मण्याशी:
फूग बाबा, फूग, अठराला लाग.
काल घड बुडवला आणि तोंडातनं शब्दच येईना.
पलीकडच्या ओळीतनं सुरय्या ओरडली,
काय गं, झोपलीस का उभ्यानं?
पाणी कोपरापर्यंत आलं होतं.
म्हटलं, न्हाई.
मोजतीय.