एक्याऐंशी

रुसेच्या बंदरात, धान्याच्या वजनकाट्याशेजारी
ल्युबेनचा प्रावेत्स संगणक अजून चालू आहे.
ल्युबेन शुक्रवारी गेला.
गेला म्हणजे वार्नाला, मुलीकडे, कायमचा.

मागे ठेवून गेला के नावाची ड्राइव्ह.
अख्ख्या हंगामाच्या गव्हाची वजनं तिच्यात,
आणि डबा उघडून पाहावा तर डिस्क एकच.
के तो रोज सकाळी हाताने टंकून जन्माला घालायचा.
ती आज्ञा त्याच्या फ्लॉपीवर, फ्लॉपी कोटाच्या खिशात,
कोट वार्नात.
मशीन विझलं की के संपली,
आणि वीजवाले सांगून गेलेत: सहाला लाइट जाणार.

मी डीबग उघडलं.
डॉसच्या पोटात एक चाळ असते,
एपासून शेवटच्या अक्षरापर्यंत
प्रत्येकाला सारखी खोली, भाडेकरू असो नसो.
पुस्तक म्हणालं, खोली अठ्ठ्याऐंशी बाइटची.
निघाले मोजत.
ए बरोबर. बीवर अडखळले. सीचं नावच दिसेना.
केच्या दारात पोचले तर समोर एल,
रिकामी, नुसती पाटी लावून.

म्हातारा आपल्याला फसवून गेला, वाटलं.
चहावर साय धरली.
डॅन्यूबवर कुठलीशी बार्ज भोंगा देत राहिली.
काट्यावरची स्तोयना पुस्तकाचं कव्हर उलटून म्हणाली,
"हे चारचं आहे. आपलं तीन."

तीन!
तेव्हा खोल्या लहान होत्या, एक्याऐंशीच्या.
दर दारामागे सात बाइट मी पुढे ढळत होते,
दहा दारांनंतर सत्तर.
एवढ्यावर माणसाचं घर चुकतं.

परत पहिल्यापासून,
एक्याऐंशी, एक्याऐंशी, बोटांवर.
केच्या खोलीत के नव्हतीच.
आत लिहिलं होतं: सी, कांतार, स्तारो.
आणि खोलीच्या टोकाला एक इवला आकडा
उंबरठा कुठे आहे ते सांगणारा:
याच्या वर जायचं नाही, हेच तुमचं मूळ.

स्तारो म्हणजे जुनं.
सोमवारच्या यादीत माझ्याच अक्षरात होतं,
जागा कमी पडते, स्तारो पुसून टाका.

ओळ खोडली.
खोडलेलंही कुणी वाचेल म्हणून कागद फाडला.

सहाला दहा कमी.
"बंद करू?" स्तोयनाने बटणावर बोट ठेवलं.
म्हटलं, थांब.
लाइट जाईपर्यंत राहू दे तिला.